भावी सर्वोत्कृष्ट गायक नट

इंद्रजीतने राजीनामा जाहीर केला तो माइकवर.

शिरूरच्या मार्केट यार्डाजवळच्या चौकात त्याच्या मित्रांनी चांगला दुमजली उंचीचा फ्लेक्स लावला होता. राजाच्या पोशाखातला इंद्रजीत, हातात तलवारीऐवजी ऊस, आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘भावी सर्वोत्कृष्ट गायक नट’. आपल्याकडे भावी सरपंच असतात, भावी सभापती असतात, भावी आमदार तर एकेका गावात तीन-तीन असतात. मग भावी गायक नट असायला कुणाची हरकत? फ्लेक्सपुढे नारळ फुटला, हार चढला आणि कुणीतरी इंद्रजीतच्या हातात माइक दिला. हातात माइक आला की हा माणूस आपला राहत नाही, हे त्याच्या बायकोला, सविताला, लग्नाच्या मांडवापासून ठाऊक होतं.

“घोड-भीमा संगीत नाट्य पुरस्कार यंदा मला मिळाला,” इंद्रजीत म्हणाला, “की दुसऱ्या दिवशी कंपनीचा राजीनामा! उरलेला जन्म रंगभूमीला!”

टाळ्या पडल्या. शिट्ट्या पडल्या. मागे औक्षणाचं ताट घेऊन उभ्या असलेल्या सविताच्या हातातली हळद कुंकवात कलंडली.

इंद्रजीत रांजणगावला एका कारखान्यात लाइन सुपरवायझर होता. नोकरी कायमची होती. त्यावर घर उभं होतं, मुलीचा, वैष्णवीचा, बारावीचा क्लास होता आणि दारातली स्कूटर होती. गाणं हा त्याचा जुना नाद. त्यांच्या हौशी मंडळाचं यंदाचं नाटक होतं ‘संगीत उसाला तुरा’. एक राजा उसाच्या फडात वाट चुकतो आणि तीन अंक गात बाहेर पडतो, एवढीच गोष्ट. पण त्यात पदं भरपूर होती आणि बहुतेक सगळी राजालाच होती.

सविता मोठ्यानं कधी बोलायची नाही. तिचे नेमच इतके होते, की बोलायला वेळ उरायचा नाही. पहाटे तुळशीला पाणी घालेपर्यंत मौन, मग पोथीचा अध्याय, सोमवार, गुरुवार, संकष्टी, आणि या सगळ्यावर खोटं न बोलण्याचा नेम. हा शेवटचा नेम सगळ्यांत अवघड, असं ती म्हणायची, कारण उपास निदान सुटतो तरी.

त्या दिवशी ती फ्लेक्सखालून घरी आली, देवापुढे बसली आणि हात जोडल्यावर तिला पहिल्यांदाच काय मागावं ते सुचेना. ‘ह्यांना पुरस्कार मिळू नये’ असं मागायचं तर ते अभद्र. नवऱ्याच्या वाइटासाठी देवाला कामाला लावणारी बाई कोण? तिनं बराच वेळ विचार केला. मग तिला वाट सापडली. कुणाचं वाईट मागायचं नाही. दुसऱ्या कुणाचं चांगलं मागायचं.

“महागणपती,” ती पुटपुटली, “दौंडचे ते गाणारे आहेत ना, त्यांना यंदाचा पुरस्कार मिळू दे. मी सहकुटुंब दर्शनाला येऊन मोदकांचा नैवेद्य दाखवीन.”

दौंडच्या गाणाऱ्याचं नावही तिला माहीत नव्हतं. गेल्या वर्षी दुसरा नंबर त्याचा आला होता, एवढंच इंद्रजीतच्या बोलण्यात यायचं. पण देवाला पत्ता लागत नाही, असा तिचा विश्वास होता.

आता या पुरस्काराच्या हंगामात शिरूरमध्ये सगळ्यात मान असायचा तो सावळाराम आप्पांना. आप्पा एका पतसंस्थेतून वसुली अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. दिवाळी सरली, नाटकांच्या तालमी सुरू झाल्या, की स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर आप्पा एक पाटी टांगायचे आणि तिच्यावर खडूनं यंदाचे संभाव्य विजेते लिहायचे. दरवर्षी त्यांचं बरंचसं खरं ठरायचं. ते नाटक बघायचे नाहीत. तालमीला फिरकायचे नाहीत. गाण्यातलं त्यांना ओ की ठो कळायचं नाही. ते फक्त चौकशी करायचे, कुणी कुठल्या देवाला काय नवस बोललंय.

“हे बघा,” आप्पा बशीतला चहा फुंकत समजावून सांगायचे, “नवस म्हंजी कर्ज. देव म्हंजी संस्था. आता देव काय करणार? आधी मागचं खातं बघणार. ऑर्गनवाल्याच्या आईनं नातवासाठी बोललेला नवस अजून फेडला न्हाई. थकबाकीदार! त्याला देव नवीन काय देणार? तबलजीचा नवस ताजा हाय, पण त्यानं एकाच कामासाठी तीन देव धरल्यात. एका तारणावर तीन कर्जं! कुठलीच संस्था देत न्हाई.”

“आन् नेपथ्य?” कुणीतरी विचारायचं.

“नेपथ्यवाल्याची सासू जामीन हाय. ती कडक हाय. मिळणार.”

अशा हिशेबात सविताचं खातं म्हणजे सोन्याचं. तिनं आजवर बोललेला प्रत्येक नवस वेळेत फेडला होता, आणि बहुतेक सगळे पावले होते. शेजारच्यांची हरवलेली म्हैस, भावाच्या बोअरला पाणी, नणंदेचं लग्न. आप्पा स्वतः तिच्या दारी आले आणि चपला बाहेर काढून अदबीनं उभे राहिले.

“वहिनी, एकच विचारतो. नवस बोललात?”

“बोलले,” सविता म्हणाली.

“यंदाच्या पुरस्कारासाठीच ना?”

“पुरस्कारासाठीच.”

“बास!” आप्पांनी आणखी एक प्रश्न विचारला असता तर सगळंच बाहेर पडलं असतं. पण त्यांना दुसरा प्रश्न सुचलाच नाही, कारण बायको नवऱ्याखेरीज दुसऱ्या गाणाऱ्यासाठी नवस बोलेल अशी शक्यता त्यांच्या अख्ख्या वसुलीच्या नोकरीत कधी आली नव्हती. संध्याकाळी पाटीवर सगळ्यात वर इंद्रजीतचं नाव लागलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या गेल्या. दौंडच्या गाणाऱ्याच्या नावापुढे आप्पांनी शून्य काढलं होतं.

“त्याला का वो शून्य?” टपरीवाल्यानं विचारलं.

“तो नागसेन. बौद्ध माणूस. त्यांच्यात नवसच न्हाईत. मग मी मोजू काय?”

“आन् तो गातो कसा?”

“गातो झकास, असं ऐकतो. पर त्याचा इथं काय संबंध?”

हे सगळं इंद्रजीतने घरी येऊन हसत-हसत सांगितलं. एक तर जिच्यासाठी नवस बोललेला, त्या दौंडच्या असामीला नाव मिळालं. दुसरं म्हणजे त्याच्या बाजूनं सबंध गावात कुणाचंच काही नाही, तिचा एकटीचाच नवस. एवढा भार एकाच नवसावर टाकून घरी बसून राहणं तिला बरं वाटेना. निदान माणूस गातो कसा ते तरी बघून यावं, म्हणून पुढच्या रविवारी पोथी आटोपून, संकष्टी म्हणून डब्यात उपासाची बटाट्याची भाजी घेऊन तिनं दौंडची एसटी धरली.

दौंडला रेल्वे कॉलनीत घर विचारत-विचारत ती पोचली. दार उघडलं ते नागसेनच्या बायकोनं. दीक्षा पोस्टात कामाला होती आणि सुट्टी म्हणून आठवड्याचे कपडे वाळत घालत होती. हातातली उशीची खोळ तशीच ठेवून तिनं सविताला नीट वरपासून खालपर्यंत बघितलं.

“कोण पाहिजे?”

“मी शिरूरची. सविता. तुमच्या मालकांसाठी नवस बोललेय.”

दीक्षाने खोळ खांद्यावर टाकली. मग म्हणाली, “ताई, आमच्यात नवस करत नाहीत.”

“तुम्ही नका करू. माझा मी केलाय.”

“आमच्या ह्यांच्यासाठी? तुम्ही ओळखता ह्यांना?”

“न्हाई बाई. गातात कसे तेवढं ऐकायला आले.”

“आत या,” दीक्षा म्हणाली, “उन्हात उभ्या राहून हे सगळं मला झेपायचं नाही.”

आत पाणी पिऊन सविताने सगळं सांगितलं. नवऱ्याचं, माइकचं, राजीनाम्याचं, वैष्णवीच्या क्लासचं. दीक्षाला हसू आवरेना.

“म्हणजे पुरस्कार तुमच्या देवानं द्यायचा. आणि आमच्या माणसानं वीस वर्षं रियाज केला, तो काय मालगाडीत घातला?”

“रियाज तर पाहिजेच की. देव काय त्यांच्याऐवजी गाणार हाय व्हय?”

हे मात्र दीक्षाला पटलं. तेवढ्यात आतल्या खोलीतून नागसेन आला. उंच, सडसडीत, गळ्याभोवती मफलर. तो मालगाडीवर गार्ड होता, आणि थंडीच्या दिवसांत गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून-बसून त्याचा घसा पार बसला होता. त्यानं नमस्कार केला आणि काहीतरी बोलला. फुटक्या पिपाणीतून वारा यावा, तसा आवाज आला.

सविताने हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. “हे असं कधीपास्नं?”

“आठवडा झाला,” दीक्षा म्हणाली. “आमचं नाटक, ‘संगीत लूप लाइन’, असंय. गाडी बाजूच्या रुळावर थांबवून ठेवतात आणि सिग्नल मिळेपर्यंत गार्ड गात बसतो. आता गार्डलाच आवाज नाही म्हटल्यावर गाडी कशी जायची?”

सविताने पदर खोचला. “ज्येष्ठमध हाय घरात? अडुळसा? मागं झाड दिसलं मला येताना.”

पुढचा तासभर शिरूरची बाई दौंडच्या स्वयंपाकघरात काढा उकळत होती. आलं, लवंग, खडीसाखर, अडुळशाची पानं, ज्येष्ठमध. नागसेनला तिनं दिवसातून तीनदा घ्यायला सांगितलं, थंड पाणी बंद केलं, दही बंद केलं आणि गाडीवर तोंडाला रुमाल बांधायची शपथ घातली. नागसेन मान डोलावत सगळं ऐकून घेत होता. निघताना त्यानं कसाबसा आवाज काढून विचारलं, “ताई, तुमचे मालक कसे गातात?”

सविताने खोटं न बोलण्याचा नेम आठवला. “मोठ्यानं गातात,” ती म्हणाली.

अंतिम फेरी माघात, शिरूरच्याच एका मंगल कार्यालयात होती. सकाळी दौंडचं नाटक, दुपारी शिरूरचं, आणि दिवस मावळायच्या आत बक्षिसं, कारण संध्याकाळी तिथं कुणाचा तरी साखरपुडा होता. सविता थर्मास भरून काढा घेऊन सकाळीच आली. नागसेनचा घसा बराच सुटला होता. रंगपटाच्या दाराशी तिनं त्याला कपभर काढा पाजला, दीक्षाने थर्मासचं झाकण धरलं, आणि नागसेन असा गायला, की लग्नाच्या हॉलमधले पंखे बंद करा म्हणून परीक्षकांनी स्वतः उठून सांगितलं. बाजूच्या रुळावर थांबलेल्या गार्डाचं शेवटचं पद चाललं होतं, तेव्हा सविताच्या डोळ्यांत पाणी आलं. नवस गुणी माणसाच्या पदरी पडतोय, याचं तिला फार समाधान वाटलं. ती अगदी निश्चिंत होऊन जेवली.

दुपारी ‘उसाला तुरा’ सुरू झालं, आणि तिथं कंपनीची बस आली.

इंद्रजीतची पहिल्या पाळीची सगळी लाइन, युनिफॉर्मसकट, थेट नाटकाला आणलेली. त्यांना सांगून ठेवलं होतं, की पद झालं की ‘वन्स मोअर’ ओरडायचं. पण पद कशाला म्हणतात ते सांगायचं राहून गेलं होतं. त्यांतले निम्मे बिहारकडचे, त्यांना मराठी नाटक नवीन. त्यांनी कामात कसूर ठेवली नाही. नांदी झाली, वन्स मोअर. राजा आला, वन्स मोअर. राजा पुन्हा आत जाऊन पुन्हा आला. प्रधानाला शिंक आली, वन्स मोअर. प्रधान नुसता बघत राहिला, मग त्यानं पुन्हा शिंकायचा प्रयत्न केला. आणि पद संपलं, की एकेकाला तर दोनदा, तीनदा. मागणी झाली की गायचं, हा संगीत नाटकाचा रिवाज. आणि आपल्या माणसांना नाही म्हणायचं इंद्रजीतच्या रक्तात नव्हतं. तो गातच राहिला. उसाच्या फडात राजा जितका शिरत होता तितका त्याचा आवाज खाली बसत होता.

तिसऱ्या अंकाआधी तो विंगेत आला. सविता तिथं त्याचा दुसरा शेला इस्त्री करून धरून बसली होती. इंद्रजीतने तोंड उघडलं. काही आलं नाही. पुन्हा उघडलं. सायकलच्या ट्यूबमधून येतो तसा फस्‌ आवाज आला.

त्याच्या अंगावरचा जरीचा अंगरखा घामानं काळा पडला होता. मुकुट कानावर घसरला होता. शेवटचं मोठं पद अजून बाकी होतं. त्यानं सविताकडे बघितलं, आणि त्याच्या नजरेत ना माइक होता ना फ्लेक्स. लहानपणी ताप चढला की वैष्णवी बघायची तसं तो बघत होता.

थर्मास सविताच्या पायाशी होता. अर्धा भरलेला, अजून गरम.

द्यायचा नाही, एवढंच करायचं होतं. काहीसुद्धा करायचं नव्हतं. नुसतं बसून राहिलं असतं तरी नवस पावला असता, नोकरी राहिली असती, वैष्णवीचा क्लास राहिला असता, आणि खोटंही बोलावं लागलं नसतं. तिनं मनातल्या मनात महागणपतीकडे बघितलं. तिकडून काही आलं नाही. बहुतेक देवही नाटकच बघत होता.

“अहो, बसा,” ती म्हणाली. “घोट-घोट घ्या. भाजंल.”

इंद्रजीतने थर्मास रिकामा केला.

आवाज परत आला, पण पूर्वीचा नाही. मोठ्यानं गायची सोयच उरली नव्हती. राजा फडाच्या मधोमध बसला आणि त्यानं ते शेवटचं पद खालच्या पट्टीत, हलक्यानं, जपून म्हटलं, भरलेली घागर जिन्यानं न्यावी तसं. संसाराच्या इतक्या वर्षांत सविताने त्याला असं गाताना ऐकलं नव्हतं. पद संपलं आणि कंपनीची सगळी पाळी गप्प. वन्स मोअर म्हणायचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. एक जण तर युनिफॉर्मच्या बाहीनं डोळे पुसत होता.

सविताच्या लक्षात आलं, की आपण आपल्या हातानं आपला नवस बुडवलाय.

बक्षीस समारंभाला समितीचे अध्यक्ष मारुतराव उभे राहिले. मारुतरावांचा जन्म सहकारात गेला होता. कुणी नाराज होऊन मंडपाबाहेर जाता कामा नये, हे त्यांचं एकमेव तत्त्व. नेपथ्याचं बक्षीस कडक सासूच्या जावयाला गेलं. ऑर्गनवाल्याला मिळालं नाही. तबलजीलाही नाही. प्रत्येक नावाला आप्पा पाटी उंच करून दाखवत होते आणि लोक आप्पांसाठीच टाळ्या वाजवत होते.

“आता सर्वोत्कृष्ट गायक नट,” मारुतराव म्हणाले. “परीक्षकांना निवड फार अवघड गेली. तेव्हा पुरस्कार विभागून देण्यात येत आहे. दौंडचे नागसेन, आणि आपले इंद्रजीत!”

अर्धा हॉल उठून नाचला. दौंडकर आणि शिरूरकर एकमेकांना गुलाल लावायला लागले. आणि मधोमध सावळाराम आप्पा पाटी घेऊन खुर्चीवर चढले.

“थांबा! हे चालायचं न्हाई!”

“काय झालं, आप्पा?” मारुतराव दचकले.

“अध्यक्षसाहेब, अर्धा कसा? या माउलीचा नवस हाय. पुरा नवस बोलायचा आन् देवानं निम्माच मंजूर करायचा? असं कवा होतं? खात्यात काहीतरी थकलं असलं तरच!” त्यांनी हॉलभर नजर फिरवली. “वहिनी, राग मानू नका. पर मागचा कुठला नवस फेडायचा राहिलाय का तुमचा?”

सगळ्या हॉलनं सविताकडे बघितलं. तिची कानशिलं तापली. नवरा नट झाला तरी चालेल. पण आपण थकबाकीदार? एवढ्या माणसांत? ती उभी राहिली. मोठ्यानं बोलायची सवय नसल्यानं तिचा आवाज कापत होता.

“माझं काही थकलेलं न्हाई, आप्पा. तुम्ही नीट विचारलं न्हाई. मी नवस ह्यांच्यासाठी बोललेच नव्हते. दौंडच्या भाऊजींसाठी बोलले होते.”

आप्पांच्या हातातली पाटी हळूहळू खाली आली.

“ह्यांना मिळाला असता, तर ह्यांनी नोकरी सोडली असती. म्हणून बोलले. आन् मग तिसऱ्या अंकाला ह्यांचा घसा बसला, तर मीच काढा दिला. ह्यांच्याकडं बघवंना मला. अर्धं माझ्यामुळं गेलं आन् अर्धं माझ्यामुळंच आलं. देवाचा यात काही दोष न्हाई.”

आप्पा खुर्चीवर तसेच उभे राहिले. मग त्यांनी खिशातून खडू काढला, सविताच्या तोंडाकडे बघितलं आणि खडू परत ठेवला. “परक्याला जामीन,” ते स्वतःशीच म्हणाले. “हा प्रकार मी हिशेबातच धरला न्हवता.”

दीक्षा दुसऱ्या रांगेतून खणखणीत बोलली, “काढा ह्यांनी दिला, ते खरं. पण गायले ते आमचे हे आणि त्यांचे ते. तेवढं पाटीवर लिहा, आप्पा.”

मग कंपनीतल्या कुणाला तरी मूळ मुद्दा आठवला. “पण राजीनाम्याचं काय? इंद्रजीतदादा, तुम्ही माइकवर बोललाय!”

“अर्धा पुरस्कार मिळालाय. अर्धा राजीनामा देऊ द्या!”

“अर्धा कसा देतात?”

“सकाळी द्यायचा, दुपारी मागं घ्यायचा.”

सगळे इंद्रजीतकडे वळले. तो व्यासपीठावर मुकुट घालून उभा होता, आणि सविता बोलायला लागल्यापासून त्याची नजर तिच्यावरून हलली नव्हती. कुणीतरी त्याच्यापुढे माइक धरला. त्यानं तोंड उघडलं. फस्‌. शेवटच्या पदात होता नव्हता तेवढा आवाज संपला होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या हातात माइक होता आणि बोलायला काही नव्हतं.

त्यानं माइक खाली ठेवला. मग डाव्या मनगटावर उजव्या हाताचं बोट दोनदा आपटलं आणि हात झटकून टाकला.

“काय म्हणतोय?” मारुतरावांनी विचारलं.

“वेळ आली की बघू, असं म्हणतोय,” आप्पांनी तत्काळ अंदाज दिला.

“न्हाई, उशीर झालाय म्हणतोय. साखरपुड्याची माणसं आल्यात.”

“घड्याळ पाहिजे असल. ढालीऐवजी घड्याळ द्या म्हणतोय.”

“मुझे लगता है, शादी का टाइम पूछ रहे हैं,” बिहारचा एक कामगार म्हणाला.

इंद्रजीतने पुन्हा तेच केलं. बोट मनगटावर, हात झटकला, आणि मग दोन्ही हात छातीशी नेऊन पुढे पसरले, गाताना पसरतो तसे. सविता त्याच्याकडे बघत होती. सकाळी सहाला जाऊन रात्री आठला येणारा हा माणूस. पाळी तर दुपारीच सुटायची. त्यापुढचा वेळ कुठं जायचा ते तिला माहीत होतं.

“ओव्हरटाइम,” ती म्हणाली. “ओव्हरटाइमचा राजीनामा देतो म्हणतात. पाळी करणार, आन् संध्याकाळी गाणार.” मग तिनं त्याला विचारलं, “असंच ना हो? माझ्या मनानं सांगत न्हाई ना मी?”

इंद्रजीतने मान डोलावली. एकदाच, पण मुकुट पडेल इतकी.

“ठराव मंजूर,” मारुतराव म्हणाले, कारण त्यांना सभा अशीच संपवता यायची. आणि साखरपुड्याचं बँडपथक आत शिरलं.

ढाल एकच होती. सहा महिने दौंडला आणि सहा महिने शिरूरला, असं ठरायला लागलं तेव्हा दीक्षा म्हणाली, आधी तुम्हीच न्या, आमच्या घरी टीव्हीवर अजून गेल्या वर्षीची दुसऱ्या नंबरची बसलीय. नागसेनने इंद्रजीतचा हात हातात घेऊन बराच वेळ हलवला. दोघांनाही बोलता येत नव्हतं, एकाला आवाज नव्हता म्हणून आणि दुसऱ्याला दीक्षा बोलू देत नव्हती म्हणून.

घरी जाताना स्कूटरवर सविता मागे बसली होती, मांडीवर ढाल आणि मुकुट. चौकातल्या फ्लेक्सवरून ऊन उतरलं होतं. संध्याकाळचे कितीतरी तास आता घरात येणार, आणि महिन्याकाठी पैसे कितीतरी कमी येणार, दोन्हीचा तिला एकदमच विचार येत होता. क्लासचं काय ते बघावं लागणार होतं. पण तो हिशेब नंतरचा.

“रागावलात का?” तिनं त्याच्या कानाशी विचारलं.

इंद्रजीतने आरशात बघून मान हलवली. नेमका तेव्हाच रस्त्यात खड्डा आला आणि ती मान होकाराची की नकाराची, ते तिला कळलं नाही. म्हणून पुढचा खड्डा यायच्या आत तिनं पुन्हा विचारलं.